छातीच्या फोटोतला डाग

बाळंतपणाला मी माहेरी, सोलापूरला आले होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मुलगी झाली, बारसं झालं, आणि आजोबांच्या मांडीची तिला सवय लागतेय तोच दवाखान्यातून अप्पांच्या छातीचा फोटो आला. उजवीकडे लिंबाएवढा गोल पांढरा डाग.

"क्षयाचा असेल, गाठही असेल," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा फोटो काढू. तोवर बाळाला जवळ घेऊ नका."

अप्पा मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होते. खोकला जुनाच. आमच्या चाळीत न खोकणारा पुरुष म्हणजे एक तर कारकून, नाही तर पाहुणा. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळायची, मग गुळाचा खडा तोंडात टाकायचे. पण आता जिना चढतानाही मध्येच कठडा धरून उभे राहत, म्हणून मीच हट्टानं त्यांना दवाखान्यात धाडलं होतं.

अव्वानं, माझ्या आईनं, त्याच दिवशी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला आणि अंथरूण बाहेरच्या पडवीत टाकलं. मला तिचा राग यायचा, आणि तीच बरोबर आहे हेही कळायचं. पोर रडली की अप्पा उठायचे, उंबऱ्यापर्यंत यायचे, तिथूनच विचारायचे, "दूध पिली का गं?" मी हो म्हटलं की परत जाऊन बसायचे. तिचं अंग जरा कढत लागलं तरी मी रात्रभर तिच्या कपाळावर हात ठेवून बसायचे. लागण झाली असेल तर?

एका सकाळी त्यांच्या अंघोळीचं पाणी काढून द्यायला गेले. आम्ही लिंगायत; आमच्यात गळ्यातलं पूजेचं लिंग अंगावेगळं करत नाहीत. अप्पांचं कापडात बांधलेलं, दोऱ्यात ओवलेलं असायचं. छाती चोळताना ओलं होऊ नये म्हणून त्यांनी ते सवयीनं पाठीवर टाकलं. उजव्या खांद्याच्या खाली ते लोंबत राहिलं. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अप्पा, फोटो काढताना लिंग कुठं होतं?"

"मागं टाकलं हुतं की बंडीच्या आत."

"त्यांनी गळ्यातलं काढायला सांगितलं नाही?"

"इचारलं, छातीवर काय हाय का. न्हाय म्हनलं. न्हवतंच की छातीवर. फोटू छातीचा, पाठीचा न्हवं."

मला हसूही आलं आणि रडूही. पण तेवढ्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याच्याआड खराच डाग असला तर?

दुसऱ्या फोटोच्या वेळी अप्पा अडून बसले. लिंग काढणार नाहीत. अव्वा दारातूनच म्हणाली, "पूजेला घेताच की डाव्या हातावर. तसंच धरा, आन् हात लांब करा." अप्पांनी तसंच धरलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अव्वानं पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

डॉक्टरांनी ओला फोटो दिव्यासमोर धरला. डाग नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला नाही. त्यांचं बोट फोटोवरून खाली सरकत होतं. फुप्फुसं हवी त्यापेक्षा लांब आणि काळी, खालचा पडदा सपाट झालेला, मध्ये हृदय चिंचोळं.

"क्षय नाही," ते म्हणाले. "पण आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. कापसाच्या धुळीनं श्वासाच्या नळ्या कायमच्या खराब झाल्यात. हे मागं फिरणार नाही. ते खातं सोडा, नाही तर फार दिवस निघणार नाहीत."

अप्पांनी एवढंच विचारलं, "पोरीला लागायचं न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग झालं की."

"काय झालं?" मी दवाखान्यातच ओरडले. "ते काय सांगतायत, ऐकलंत का?" अप्पा सदऱ्याची बटणं लावत होते.

घरी आल्या आल्या हातपाय धुऊन त्यांनी पोरीला उचललं. चाळीच्या टोकाच्या कडुलिंबापर्यंत तिला न्यायची होती, मला लहानपणी न्यायचे तशी. अर्ध्या वाटेत दम लागला. एका दाराच्या पायरीवर बसले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, बोलता येईना. मी धावत जाऊन हात पुढे केले. त्यांनी मान हलवली आणि तिला छातीशी आणखी घट्ट धरलं. छाती शिट्टीसारखी वाजत होती. पोर तिला कान लावून झोपली होती.