खेळाच्या तिसऱ्या भागावर मी मारलेला शेरा

हे सांगताना मी तुम्हा दोघांना थोरला आणि धाकटी असंच म्हणणार आहे. तुम्ही समोर बसून ऐकता आहात असं मनात आणलं तर सगळं खरं लिहायला मला जमणार नाही. तुम्हाला मराठी कळतं, पण वाचता येत नाही. म्हणून लिहून झाल्यावर मी हे मोठ्यानं वाचीन आणि आवाज भरून पाठवीन. आधी कागदावर उतरवल्याशिवाय मला नीट बोलता येत नाही, हे तुमच्या बाबाला ठाऊक आहे.

मी लोहाऱ्यात मुलींना इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले, मागोमाग तुमचे आजोबा गेले, आणि लॉकडाऊनमध्ये मी घरात एकटी काय करीन म्हणून तुमच्या बाबानं मला कॉम्प्युटरवरच्या एका खेळात ओढलं. तो खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्टच होती. चार प्रवासी एका उजाड मुलखातून चाललेले: तलवारवाला, मांत्रिक, औषध देणारी म्हातारी आणि धनुष्यवाली मुलगी. म्हातारी माझी, धनुष्यवाली धाकटीची, उरलेले दोघं थोरल्याकडे. वाटेत जो भेटेल तो पान-पान बोलायचा, आणि त्याचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटायचं. वाट कुणी दाखवत नसे. विहिरीचा राखणदार सांगे, जळक्या गिरणीच्या डावीकडून जा, पाणी ओलांडू नका. ज्यानं नीट वाचलं तो पोचला. घाई करणारा दलदलीत. लढाईसुद्धा पाळीपाळीनं. आपली पाळी असली की शत्रू तलवार उगारून उभा राही, आणि मी गॅसवरचं दूध बघून परत आले तरी तसाच उभा असे. इतका सभ्य शत्रू मला फार आवडला.

मी एक दोनशेपानी वही घातली. एका बाजूला नकाशा, दुसऱ्या बाजूला कोण काय म्हणालं ते, लाल रेघेच्या आत. पहिला भाग संपला, दुसरा संपला, वही भरली.

दर रविवारी दुपारी साडेतीनला, तुमच्याकडे सकाळी, आपण व्हिडिओ कॉलवर बसत असू. थोरला त्याच्या पडद्यावर खेळ चालवायचा आणि तो आम्हा दोघींना दिसायचा. मी त्यात माझ्या वर्गातला नियम आणला: पाळीनं वाचन. ज्याच्या पात्राशी बोलणं चाललं असेल त्यानं ते मोठ्यानं वाचायचं, अडखळलं तर ओळ पहिल्यापासून. शाळेत माझ्या तासाला जी अडखळे ती पुढच्या मुलीचं वाचून होईपर्यंत बाकाशी उभी राही. तुम्हाला कॅमेऱ्यापुढं उभं करता येत नव्हतं, एवढाच फरक.

धाकटी कधी अडखळत नसे. आवाजात चढउतार, जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबणं. मी वहीत तिच्या ओळीसमोर चांदणी काढी आणि तुमच्या आईला सांगे, "हिला म्हणतात वाचन."

एका रविवारी मी हट्टानं वाट बदलली. थोरला म्हणाला, "आजी, आज नदीकडे नको ना. आपलं गढीकडे जायचं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय? प्रवासाला निघालोय का गॅदरिंगला?"

नदीवर एक कोळीण होती. ती धनुष्यवालीशी बोलू लागली. पडद्यावर सात-आठ ओळी आल्या, आणि धाकटी गप्प. मी म्हटलं, "हं, वाच." ती म्हणाली, "आजी, तुझा आवाज तुटतोय," आणि तिची चौकट बंद झाली. आवाज तुटत नव्हता. मी थोरल्याला म्हटलं, "तयारी नसेल तर तसं सांगावं. पळून जाऊ नये." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या दिवशी वहीत चांदणीच्या जागी फुली काढली.

मग तिसरा भाग आला. आपण वर्षभर वाट बघत होतो. मी नवी वही आणून तिला कव्हरही घातलं होतं. सुरू केला, आणि दहा मिनिटांत माझं डोकं फिरलं. लढाईतली पाळीच काढून टाकलेली. शत्रू थांबेना, मी चष्मा सारखा करेपर्यंत म्हातारी आडवी. पान-पान बोलणं गेलं. माणसं तोंडानं बोलत, आणि आपण उत्तर द्यायचं ते तीन चित्रांतून: हसरा चेहरा, रागीट चेहरा, प्रश्नचिन्ह. आणि जमिनीवर सोनेरी बाण. कुठं जायचं ते बाणच सांगणार. माझी वही कोरीच राहिली.

या खेळाच्या चाहत्यांची इंटरनेटवर एक चर्चेची जागा आहे. मी तिथं नुसती वाचायला जात असे. या वेळी तिथं सगळे पेटलेले होते, आणि मीही बसले लिहायला. दोन दिवस खपून इंग्रजीत लांब पत्र लिहिलं. तिसरा भाग ही उत्तरपत्रिका धरून मी ती तपासली. प्रत्येक बदलापुढं शेरा, शेवटी नापास. ते सगळं इथं पुन्हा लिहीत नाही. पण एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे, कारण तोच तुम्ही ऐकलात. त्याचं मराठी असं होईल: "हा भाग वाचता न येणाऱ्यांसाठी केलेला आहे. ज्यांना चार ओळी वाचायला जड जातात त्यांच्यासाठी बाजारात खुळखुळे मिळतात. त्यांनी आमच्या पंक्तीला बसू नये, आणि त्यांच्यासाठी आमच्या पानातलं वाढलेलं काढून घेऊ नये."

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कुणीतरी तेवढ्याच ओळींचं चित्र केलं, वर चष्मा आणि अंबाडा काढला, आणि ते सगळीकडं फिरू लागलं. मला लोक 'टीचर आजी' म्हणू लागले. सकाळी चहा घेता घेता मी ते वाचत बसे. या वयात, तालुक्याच्या गावात बसून, जगभरचे लोक माझ्या इंग्रजीची तारीफ करतात याची मला चढली होती, हे कबूल करते. मी ते चित्र आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "तुमच्या आजीचा पराक्रम."

मंगळवारी तुमच्या आईचा फोन आला. ती मंगळवारी कधी करत नाही.

"आई, जेवलात?"

"झालं. काय गं, सगळं ठीक?"

"ठीक आहे. एक सांगायचं होतं. रागावू नका." मग तिनं एका दमात सांगितलं, "थोरल्यानं तुमचं ते चित्र नाश्त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. कौतुकानंच. धाकटी ताट तसंच ठेवून उठली."

"का?"

"आई, तिला वाचायला त्रास होतो. अक्षरं जागेवर राहत नाहीत म्हणते. शाळेनं तपासून घेतलंय, दोन वर्षं झाली. त्यासाठी वेगळ्या बाई येतात."

मी म्हटलं, "पण ती तर किती छान वाचते!"

"थोरला शनिवारी तिला वाचून दाखवायचा. पुढं काय येणार ते दोघं ठरवून ठेवायचे. ती पाठ करायची."

दोनदोन पानं, दर शनिवारी, एका चांदणीसाठी. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तुमची आई हळूच म्हणाली, "तिनंच सांगू दिलं नाही. म्हणायची, आजी इंग्लिशची टीचर आहे." आणि मग, "आई, हा नवीन भाग ती एकटी खेळते. कुणाला न विचारता. पहिल्यांदाच."

फोन ठेवल्यावर मी चहा टाकला आणि तो उतू गेला. ओटा पुसला, वहीचं कव्हर पुसलं, मग काही पुसायचं उरलं नाही.

त्या रविवारी धाकटी आली नाही. पुढच्याही नाही. थोरला एकटा यायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, "तिला होमवर्क आहे." खोटं बोलताना तो तुमच्या बाबासारखाच कान चोळतो.

मधल्या आठवड्यात मी बाजाराला गेले. भाजीच्या रांगेत एका बाईनं हाक मारली, "बाई, वळखलं का न्हाय?" माझी जुनी विद्यार्थिनी. शेजारच्या कापडी पालाखाली बसलेल्या भाजीवालीला ती हसत हसत सांगू लागली, "ह्या आमच्या इंग्लिशच्या बाई. ह्यांच्या तासाला म्या लई हुबी ऱ्हायले. तवाच पायाला सवय झाली बघ, आता दिवसभर हुबी ऱ्हाऊन भाजी इकते, काय वाटत न्हाय."

दोघी खो खो हसल्या. तिनं मला मेथीची जुडी जास्तीची घातली, वर कोथिंबीर. मी नको नको म्हणत होते. "घ्या वो बाई, तुमच्यामुळं तर शिकलो की आमी चार अक्षरं." मला तिचं नाव आठवलं नाही, ती कुठल्या बाकाशी उभी असायची ते मात्र आठवलं. घरी येऊन मी ती मेथी निवडली, पण केली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना देऊन टाकली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा तिसरा भाग लावला आणि डोळे मिटून नुसता ऐकला. विहिरीचा राखणदार इथंही आहे. आधीच्या दोन्ही भागांत मी त्याचं बोलणं फळ्यापुढं उभी राहून वाचावं तसं खणखणीत वाचलं होतं. इथं त्याचा आवाज दमलेला होता, माणसानं फार दिवस एकट्यानं काढल्यासारखा. हे मला वाचून कळलं नव्हतं. एवढ्यानं तो भाग मला आवडला असं मात्र नाही. बाण अजून आवडत नाही. पाळी काढली हे चूकच झालं असं मला अजून वाटतं, आणि ते सांगायचा मला हक्क होता. पण पाळीबद्दल आणि बाणाबद्दल बोलायचं सोडून मी न वाचणाऱ्यांबद्दल बोलले.

मी चर्चेच्या जागी दुसरं पत्र लिहिलं, सहा ओळींचं. लिहिलं की तो परिच्छेद मी मागं घेते, तो लिहिताना मला शरम वाटायला हवी होती. त्यावर लोक चिडले. "आजी फितूर झाल्या." "आजींना कंपनीनं साडी पाठवली वाटतं," असं आपल्याकडच्याच कुणीतरी लिहिलं. मूळ पत्र मी काढून टाकलं, पण ते चष्म्याचं चित्र काढता येत नाही. अजून फिरतं. कुणी नवखा येऊन म्हणाला की मला हा भाग बरा वाटला, की लगेच कुणीतरी त्याच्या तोंडावर ते चित्र फेकतं. माझे शब्द, स्वल्पविरामासकट.

तिसऱ्या रविवारी धाकटी आली. केस ओले, मांडीवर उशी. थोरल्याला म्हणाली, "तू जा." तो गेला. मी एक कागद लिहून ठेवला होता, माफी कशी मागायची त्याचा. तो उचलायच्या आतच तिनं विचारलं, "आजी, तू ते मला म्हणालीस?"

मला सहज सांगता आलं असतं की नाही गं बाळा, तुला कशी म्हणेन. तुमच्या आईनंही तसंच सांगा म्हणून सुचवलं होतं. पण ती पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघत होती.

मी म्हटलं, "तुझं मला माहीत नव्हतं. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनाच म्हणाले. म्हणजे तुलाही."

"आणि माहीत असतं तर?"

"तर लिहिलं नसतं. मनात मात्र ठेवलं असतं, कदाचित."

ती उशीचा कोपरा पिळत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." रागानं नाही; आपलं उत्तर बरोबर आलं की नाही ते ताडून पाहिल्यासारखं. मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हो." आणि मग, "मी खेळीन. पण थर्ड पार्ट. आणि बोलणार नाही."

तेव्हापासून आम्ही दोघी तसंच खेळतो. नव्या भागात दोघींना एकत्र चालता येतं. तिचा माईक बंद, चौकट काळी. मला फक्त धनुष्यवाली दिसते, सोनेरी बाणाच्या रोखानं पुढंपुढं झपाझप जाणारी. माझी म्हातारी मागं. माझी बोटं चालत नाहीत, त्यामुळं दर लढाईत मी पडते. पडल्यावर आपल्याला काही करता येत नाही. सोबतचं कुणी येऊन उचलीपर्यंत तसंच पडून राहायचं. गेल्या रविवारी पुलापाशी पडले तेव्हा ती बरीच पुढं गेली होती. माझ्याकडचा माईक चालू होता. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. पडद्यावर धूळ उडत होती आणि मी बघत बसले. खूप वेळानं ती वळून आली, मला उचललं, आणि एक शब्दही न बोलता पुन्हा पुढं निघाली.