लाल फितीची गाठ

जन्मात एकदाच मी सरकारचा साक्षीदार म्हणून कोर्टात उभा राहिलो आणि सरकारचीच केस बुडवून आलो.

तेव्हा मी नांदेडला शस्त्र परवाना शाखेत कारकून होतो. बिलोलीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर खटला चालू होता. रानडुकरं हाकलायला त्याच्याकडे परवान्याची एकनळी बंदूक होती. पण पोलिसांनी पाहिलं, तर बंदुकीवरचा नंबर वेगळा आणि परवान्यावरचा वेगळा. म्हणजे बंदूक बेकायदा. पोलिसांनी शाखेला विचारलं. मी रजिस्टर उघडलं, म्हाताऱ्याच्या नावापुढचा नंबर पाहिला आणि ‘जुळत नाही’ असं झोकात कळवून टाकलं. गुन्हा शाबीत झाला, तर म्हातारा ऐन सुगीत आत जाणार होता.

साक्षीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला, रजिस्टर कापडात बांधलं आणि एसटीत ते लेकरासारखं मांडीवर घेऊन बसलो. वाटेत उत्तरंही घोकली. बायको निघताना म्हणाली होती, “विचारतील तेवढंच बोला.” तेवढं मात्र घोकायचं राहिलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी खणखणीत सांगितलं, “नंबर जुळत नाही.” वर पदरचं जोडलं, “आमच्या शाखेत चूक होत नाही, साहेब.”

आरोपीचा वकील उठला. टेबलावरची बंदूक त्यानं माझ्यापुढं धरली. घोड्याजवळ लाल फितीनं एक मळकी चिठ्ठी बांधलेली होती.

“हे अक्षर कुणाचं?”

मुंग्यांची वरात निघाल्यासारखं ते अक्षर जिल्ह्यात एकाचंच. “माझं,” मी म्हणालो.

निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मागल्या खेपेला बिलोलीकडच्या ठाण्यात मदतीला मलाच धाडलं होतं. आधी सगळ्या चिठ्ठ्या लिहायच्या, मग एकदम बांधायच्या, ही माझी कार्यक्षमता! चिठ्ठीवर नाव, गाव. नंबर लिहायचा कंटाळा. मधे चहा आला. निकालानंतर चिठ्ठी बघून ज्याची त्याला बंदूक परत दिली, तीही मीच.

“आता बंदुकीवरचा हा नंबर रजिस्टरात कुणाच्या नावावर आहे, तेवढं बघा,” वकील गोड आवाजात म्हणाला.

हे बघायचं मला सुचलंच नव्हतं! पानं उलटली. त्याच गावातला दुसरा परवाना. नाव वाचलं, तसा म्हातारा उठून उभा राहिला. “आवं, हे तर माजे इवाई! भायेर शेंगा खात बसलेत बगा!”

लेकीचा सासरा. दोघांनी एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून, एकसारख्या दिसणाऱ्या बंदुका जमा केल्या होत्या आणि चहाच्या नादात मी याची चिठ्ठी त्याला, त्याची याला बांधली होती.

न्यायाधीशांनी म्हाताऱ्याला विचारलं, “तुम्हाला स्वतःची बंदूक ओळखू आली नाही?”

“हातात हलकी लागून राहिली होती, साहेब. म्हटलं, ठाण्यात पडून पडून वाळली असंल.”

“आणि ही चिठ्ठी अजून का ठेवली?”

“सरकारी हाय न्हवं? काढली अन् केस झाली म्हंजे?”

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. सरकारी वकिलांनी माझ्याकडं असं पाहिलं, की बंदूक रिकामी आहे याचं मला बरं वाटलं.

इवायाच्या घरून दुसरी बंदूक आणली. तिचा नंबर म्हाताऱ्याच्या परवान्याशी तंतोतंत जुळला आणि तो सुटला. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. सुटकेच्या दिवशी कोर्टाबाहेर दोघा इवायांनी मला धरून चहा पाजला. “तुमच्या चिठ्ठीनंच वाचीवलं, साहेब,” म्हातारा म्हणाला. अडकवलंही तिनंच, हे मी बोललो नाही. बायकोचा सल्ला उशिरा का होईना, पाळला.

पुढच्या निवडणुकीला पुन्हा त्याच ठाण्यात माझीच नेमणूक झाली. म्हातारा बंदूक घेऊन आला. मी फीत उचलली, तशी त्यानं ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली.

“तुमी बसा, साहेब. नंबर तेवढा मोठ्यानं वाचा. गाठ मी मारतो.”

मी वाचला. त्यानं दोनदा वाचायला लावला.