तोंडात लोखंड नसलेली घोडी

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात आमचं घोड्यांच्या सामानाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात रिक्षांपुढे जटके, म्हणजे आमच्याकडचे टांगे, एकेक करून बंद पडत होते. त्यानंही जटका विकला, पण घोडी ठेवली. रोज सकाळी तिच्यावर बसून दुकानावरून जायचा. हातात नुसती सुती दोरी, तीही घोडीच्या नाकावरून सैल बांधलेली. तिच्या तोंडात कडियाळं नाही, याचा मला भारी राग यायचा. लगामाचं ते लोखंड विकूनच तर माझं पोट चालायचं!

एकदा बसनं जोरात हॉर्न दिला. घोडी बुजली आणि थेट माझ्या दुकानाच्या पायरीवर चढली. तो ओरडला नाही. वाकून तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "स्वल्प थांब गं, अक्का."

ती थांबली.

"आता तरी कडियाळं घाल तिला! फुकट देतो," मी खेकसलो.

"नको, अण्णा," तो हसला. "एकदा माझ्याच तोंडात धरून बघितलं. तेव्हापासून तिला घातलं नाही."

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी खुंटीवरचं एक कडियाळं काढलं, फडक्यानं पुसलं आणि दातांत धरलं. थंडगार लोखंड जिभेवर दाबून बसलं. तेवढ्यात मागच्या घरातून बायकोनं हाक मारली, "पान वाढलंय, येताय ना?"

मला साधं 'आलो' म्हणता येईना.