चौकटीला कळलं

माझी भाची मुग्धा एका शाळेच्या वेबसाइटसाठी प्रवेशअर्जाचं पान बनवत होती आणि मी शेजारी चहा पीत बघत बसलो होतो. तिने मुद्दाम जन्मतारीख चुकीची भरली. तो रकाना लाल झालाच, पण त्याच्याभोवतीची अख्खी चौकटही लालसर झाली.

"मामा, हे आधी इतकं सोपं नव्हतं," ती म्हणाली. "चौकटीला रंग दिला की आतल्या अक्षरांना मिळायचा. पण आत काय बिघडलंय, ते चौकटीला कळायचंच नाही. आता एका ओळीत सांगता येतं, तुझ्या पोटात काही चुकलं असेल तर तू रंग बदल."

काय सुचलंय कुणाला तरी! मला एकदम आमचं जुनं बिऱ्हाड आठवलं. धाकट्या भावाला कांजिण्या आल्या होत्या. फोड त्याच्या अंगावर, पण आईने कडुलिंबाचा डहाळा बांधला तो दाराला. घरात फोडणी बंद झाली, रेडिओ बंद झाला, आणि खायला एरवी कुरकुरणारे आम्ही बिनफोडणीचं वरण मुकाट्याने गिळत होतो. अंथरुणावर एवढंसं पोर, आणि त्याच्यापायी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सगळं घर बदललेलं.

मुग्धाने तारीख नीट भरली. चौकट पुन्हा पांढरी झाली आणि मला तडतडणारी मोहरी ऐकू आली. भावाला पहिली आंघोळ घातली, त्या दिवशी आईने आमटीला फोडणी दिली होती, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं होतं, "बरा झाला का गं?"