माझ्याच पत्रकाने माझं लग्न मोडायला घेतलं

माझं लग्न ताबडतोब मोडण्यात यावं, असं जाहीर आवाहन मी स्वतःच केलं होतं. छापील. जाड ठशात. चौकाचौकात वाटून.

आमच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो, आणि तो आईबापाकडून मुलांत येतो. नुसता वाहक असलेला माणूस एरवी धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्त तपासावं, बस्स. पण आमच्याकडे लोक हॉल तपासतात, बँड तपासतात, जेवणातलं पनीर बोटाने दाबून तपासतात, रक्त तेवढं तपासत नाहीत! माझं डोकं भडकलं आणि मी पत्रक लिहायला बसले.

पत्रक हा आमच्या घरचा धंदा नव्हे, धर्मच. बाबांनी उभी हयात नोकरी सांभाळून पत्रकं काढली. दरवर्षी दीक्षाभूमीच्या वाटेवर उभं राहून ती वाटायचं काम माझं. त्यामुळे माझा मसुदा सगळ्यात आधी बाबांच्या चष्म्याखालून गेला.

"हे 'दोघंही वाहक असतील तर' काहून लिवलं वं?"

"बाबा, शास्त्रच तसं आहे."

"शास्त्र पुस्तकात टाक. पत्रकात जर-तर आलं की माणूस त्याची पुडी बांधते. ठोक लिही, ठोक!"

मी ठोक लिहिलं : 'रक्तात सिकलसेल निघाला? लग्न ताबडतोब मोडा!!' (दोन उद्गारचिन्हं माझी. बाबा तिसरंही मागत होते, पण मी संयम पाळला.)

आता निखिलबद्दल. हा हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. आमची ओळख अभ्यासिकेत झाली. दोघंही स्पर्धा परीक्षेत व्यवस्थित नापास झालो, पण तेवढ्या काळात लग्नाचं मात्र पक्कं केलं. अडचण एकच होती : त्याची आत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेली आणि आत्यानं त्याला वाढवलं. ती 'हो' म्हणाली तर लग्न, 'नाही' म्हणाली तर निखिल आयुष्यभर मान खाली घालून बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठरला.

आत्या आली. आईने आलूबोंडे आणले. आणि मी, तत्त्वाची पोरगी, बोंड्यांच्या आधी पत्रक पुढे केलं! आईने मागून चिमटा काढला. मी तो क्रांतीसाठी सोसला.

आत्याने पत्रक लांब धरून अक्षर-अक्षर वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मस्त लिवलं वं पोरी. एकदम समजते. नाही तं सरकारी कागद! चल, निखिलचंही तपासू, तुझंही तपासू. मले पोरगी पसंत आहे."

मी विजयाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तेवढ्याच विजयाने माझ्याकडे पाहिलं.

आठवड्याभरात रिपोर्ट आले. निखिल स्वच्छ. मी वाहक.

खरं तर काळजीचं काडीइतकं कारण नव्हतं. एकच जण वाहक असेल तर मुलांना आजार होत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम हे हसत हसत सांगत होत्या. पण घरी येऊन मी "वाहक" एवढा शब्द उच्चारला आणि आईने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "उचलू नको वं! बस!" सकाळी तीच पिशवी मीच भरून आणली होती, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं! संध्याकाळपर्यंत बीटचा रस, गूळ-शेंगदाणे आणि शेजारच्या काकू असे तिन्ही उपचार सुरू झाले.

मग खरा प्रश्न उपटला : हे आलं कोणाकडून?

"तुमच्या खानदानातून," आई म्हणाली.

"आमच्याकडे सगळे नव्वदीत गेले!" बाबा म्हणाले.

"दोघंही तपासून घ्या ना, लगेच कळेल," मी म्हणाले. दोघांनीही ठाम नकार दिला. कळलं असतं तर भांडण संपलं असतं!

आईने उमरेडहून मामाला बोलावलं. मामा शेळ्या पाळतो, म्हणून रक्ताच्या बाबतीत आमच्याकडे त्याला तज्ज्ञ समजतात. तो पलंगावर मांडी घालून म्हणाला, "हे पाह्य ताई, आमच्या एका शेळीनं पोटचं पिल्लू जवळ येऊ देल्लं नाही. लाथाच मारे. चौकशी केली, तं बोकड कन्हानचा निघाला."

बाबा मूळचे कन्हानचे. ते उठून उभे राहिले.

"मामा, शेळीनं पिल्लाला लाथ मारणं आणि सिकलसेल यांचा काय संबंध?" मी ओरडले. "पहिलटकर शेळ्या कधीकधी करतात तसं! त्यात बोकडाचा काय दोष?"

"तू नको सांगू. तू आजारी आहेस," मामा प्रेमाने म्हणाला.

हे सगळं चालू असताना दारात आत्या उभी राहिली. मागे निखिल, चेहरा पडलेला. आत्याच्या हातात माझं पत्रक होतं.

"पोरी, लग्न मोडा म्हणते हे."

"आत्या, ते... ते थोडं ठोक झालं. नियम तसा नाहीये."

"आत्या, डॉक्टर मॅडमनं पण सांगितलं ना," निखिल म्हणाला.

"त्या तोंडानं बोलल्या. हे छापील हाये."

मी टोपलीतून संत्री आणि मोसंबी उचलली. (शास्त्र समजवायला जे हाताशी असेल ते.) "हे बघा आत्या. प्रत्येकाकडे दोन-दोन असतात. संत्रं म्हणजे चांगलं, मोसंबी म्हणजे सिकलसेल. निखिलकडे दोन्ही संत्री. माझ्याकडे एक संत्रं, एक मोसंबी. मूल आईकडून एक घेतं, बापाकडून एक. म्हणजे निखिलचं एक संत्रं प्रत्येक मुलाला मिळणारच! दोन मोसंब्या कोणाच्याच वाट्याला येणार नाहीत, म्हणून आजार नाही!"

आत्याने मोसंबी हातात घेऊन फिरवली. "पण मोसंबी वाईट कशी वं? आजाऱ्याले तेच तं देतेत."

"तेच म्हणून राहिलो मी," मामा म्हणाला.

"आत्या, मी सांगून राहिली ना, पत्रक चुकलं आहे! ते मीच लिहिलं आहे!"

आत्याने मोसंबी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "लिवलं तेव्हा तुझं काही अडकलं नव्हतं, पोरी. तेव्हा दुसऱ्याचं लग्न मोडत होतं. आता तुझं अडकलं, तं नियम बदलला?"

रस्त्यावर माइक घेऊन भल्याभल्यांना गप्प बसवणारी मी, हातात संत्रं धरून उभी! कारण ती बरोबर होती. माझं ते ठोक वाक्य वाचून खरंच कोणाचं तरी लग्न मोडलं असलं तर?

"खरं असंन तं छापून आण," आत्या म्हणाली. "छापलेलं छापलेल्यानंच खोडावं. मंग पाहू."

बाबांनी आयुष्यात कधी दुरुस्तीपत्रक काढलं नव्हतं. "आपण माघार घेत नाही," ते म्हणाले. "मग मी सासरी जात नाही," मी म्हणाले. त्यांनी निमूट कागद काढला.

मी सगळं शास्त्रशुद्ध लिहिलं. डॉक्टर मॅडमकडून तपासून घेतलं. चार पानं झाली, उद्गारचिन्ह एकही नाही. ज्या ज्या चौकात पहिलं वाटलं, तिथे तिथे उन्हात उभी राहून दुसरं वाटलं. निखिल पाळी संपवून माझ्यासोबत वाटायला यायचा.

आत्याने चारही पानं वाचली. मध्ये दोनदा चहा घेतला. शेवटी चष्मा काढून म्हणाली, "बरं. दोघं वाहक असले तं धोका, एकटा असला तं नाही. लग्न पक्कं."

मी रडले. निखिल रडला. बाबा पंख्याकडे पाहत राहिले.

"पण खरं सांगू का वं?" आत्या म्हणाली, "हे काही जमलं नाही. डोकं दुखलं माझं. तुझं पहिलं कसं, एका झटक्यात समजे!"

लग्नाच्या दिवशी सकाळी हातावर मेंदी, डोक्यावर गजरा अशी बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आत्याने दोन्ही घरांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता : 'रक्तात सिकलसेल निघाला? लग्न ताबडतोब मोडा!!' आणि खाली अभिमानाने लिहिलं होतं, 'आमच्या सुनेनं लिवलं.'