सतरंजीखालची फरशी

हे बायकोला माहीत नाही. आईला तर नाहीच नाही — मामा तिचे सख्खे भाऊ. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या ओळखीचे नाही. बस, एवढंच.

मी इमारतींचे फोटो काढतो. नागपुरातल्या बिल्डर लोकांची कामं — नवे फ्लॅट, दुकानं, कधी एखादं मंगल कार्यालय. नवीन पोरं विचारतात, दादा, इमारतींसाठी वाइड लेन्स कोणती घेऊ? मी सांगतो, चोवीस एमएमची घे. खोली खोलीसारखी दिसते. आकडा जितका लहान, तितकी लेन्स हावरी. चौदाची लेन्स दारात उभी केली की तीन भिंती गिळते, आणि मागची भिंत पार सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडे नेऊन ठेवते.

सल्ला खरा आहे. मी स्वतः तो पाळतो का? माझ्या बॅगेत दोन्ही लेन्स असतात. बिल्डर ‘जरा मोठं दिसलं पाहिजे’ म्हणाला, की चौदाची बाहेर निघते. सगळेच करतात, असं मी म्हणत आलो.

पण एक गोष्ट कोणत्याच लेन्सला जमत नाही. ती फरशी ताणेल, फरश्यांची संख्या वाढवू शकत नाही. दोन फुटांची एक फरशी — चार दिसल्या तर खोली आठ फूट. ज्याला हे समजतं तो फसत नाही. म्हणून खोली फारच चिमुकली असली की मी खाली सतरंजी अंथरतो. हे मला कोणी शिकवलं नाही. माझंच डोकं.

आता मामा. मामा काटोलचे, जन्मभर संत्र्याचा व्यापार केलेले. ढिगाचं वरचं फळ पाहून त्यांनी कधी माल घेतला नाही, हात घालून खालचं काढायचे. मामीचे पाय लकव्यानं गेले, ती चाकाच्या खुर्चीवर आली, आणि डॉक्टर सगळे नागपुरात — म्हणून त्यांनी सक्करदऱ्याकडे फ्लॅट पाहायला घेतला. नेमका मी फोटो काढलेल्या इमारतीतला. फोटो मोबाइलवर पाहून त्यांनी मलाच फोन केला.

“हॉलची फरशी मोजली गा मी,” ते म्हणाले. “बेडरूमची काहून दिसून नाही राहिली?”

“सतरंजी आहे मामा. शोभेले टाकली.”

“मामीची खुर्ची पलंगापाशी जाईन ना? का येऊन पाहू एकडाव?”

इथं थांबतो जरा. मी त्या खोलीत उभा राहिलो होतो. पलंग आणि भिंत यांच्यात जेमतेम एक फरशी. खुर्ची जाणार नाही, हे मला माहीत होतं — अंदाज नव्हे, माहीत. ‘येऊन पाहा’ म्हणायला काय लागत होतं? पण सतरंजी कशाला टाकली, तेही मग सांगावं लागलं असतं. आणि त्या बिल्डरच्या पुढच्या इमारतीचं काम मलाच मिळणार होतं.

“कायले चक्कर मारता मामा,” मी म्हणालो. “मी पाहिली ना खोली. आरामात जाते.”

“मंग झालं. तू पाहिलं म्हंजे मी पाहिलं.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय.

मामांनी फ्लॅट न पाहताच घेतला. वास्तुशांतीच्या दिवशी खुर्ची बेडरूमच्या दारातून आत आली आणि पलंगाशी अडली. पलंग सरकवून पाहिला, तर दार उघडेना. शेवटी मामांनी पाय धरले, मी काखेत हात घातले, आणि मामीला उचलून पलंगावर ठेवलं. ती माझ्याकडे पाहून ओशाळं हसली — जसं काही चूक तिचीच. मला लाज वाटली. फार वाटली.

“जाऊ दे,” मामा म्हणाले. “आपलाच अंदाज चुकला.”

काटोलला मामी स्वतः चाकं फिरवत अंगणात यायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. इथं तिला उचलायला दोन माणसं लागतात, आणि घरात एकटे मामा. म्हणून ती पडून असते. खुर्ची हॉलमध्ये आहे, तिच्यावर रद्दी ठेवतात.

त्याच दिवशी मामा म्हणाले होते, एक फोटो काढ गा, सगळे मावले पाहिजे. मी चौदाची लावली. सगळे मावले. मामी तेवढी आतल्या खोलीत होती.

तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. आलेला प्रत्येक माणूस म्हणतो, केवढा मोठा दिसतो हो तुमचा हॉल! मामा खुशीत सांगतात, आमच्या भाच्यानं काढला. मी असलो तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात.

तेवढ्यात आतून मामीचा आवाज येतो — “कोण आलं जी?” तिला तिथून हॉल दिसत नाही.