शॉकअपची टोपडी

बंदरावर माझ्या मामाला टोपडेमामा म्हणतात. मासे वाहणाऱ्या गाड्यांतून खारं पाणी दिवसभर ठिबकत असतं आणि ते सगळ्यात आधी चाकामागच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकअपला खातं. बाकीचे गॅरेजवाले गंजलेले शॉकअप बदलून देऊन मोकळे व्हायचे. मामाला ते पटेना. तान्ह्या पोराला गारठ्यात बाहेर नेताना आपण डोकं झाकतो ना, मग शॉकअपनेच काय घोडं मारलंय, असं म्हणत त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापल्या, दाभणाने शिवल्या आणि स्प्रिंगसकट शॉकअपला रबराचं टोपडं चढवलं. वर-खाली तारेने असं आवळलं की थेंबाची आत शिरायची बिशाद नव्हती.

पहिलं टोपडं बसलं ते आईच्या गाडीला. आई त्याची थोरली बहीण. आम्ही दोघी कारखान्यातून बंदरावर बर्फ पोचवतो. मग बघता बघता सगळं बंदर टोपडी मागायला लागलं. मामाची अट एकच, टोपडं कोणी उघडायचं नाही. उघडलं की हवा लागते, हवा लागली की गंज चढतो. एका ट्रकवाल्याने आत एकदा बघू या म्हटलं, तर मामाने त्याला विचारलं, घरी कुकरचं झाकणही शिट्टीआधीच काढतोस का? लोक हसले. गाड्यांच्या बाबतीत मामा म्हणेल ती पूर्व दिशा, आणि सगळ्यात जास्त हसणाऱ्यांत मी होते.

त्या सकाळी कारखान्याच्या आवारात गाडी भरून झाली. आई गाडीत बसली, मी मागचं फळकुट लावत होते. गाडी जेमतेम हलली आणि खाडकन आवाज झाला. पुढचा डावा कोपरा खाली बसला, टायर फुटला, बर्फाची एक लादी घसरून माझ्या पायाशी येऊन फुटली. आई खाली उतरली आणि आधी माझे पाय धड आहेत ना ते तिने बघितलं. मी मामाला फोन लावला.

मामा आला तो कुरकुरतच. एवढा बर्फ भरल्यावर गाडी काय करणार, टोपड्याचा काही दोष नाही, हे त्याने गाडीखाली आडवं होण्याआधीच सांगून टाकलं. मग पक्कडीने खालची तार तोडली.

आतून पाणी आलं. तांबडं, कुजकट वासाचं पाणी. मामाच्या बाहीवरून ते कोपरापर्यंत ओघळलं तरी त्याने हात मागे घेतला नाही. पाण्यामागून गंजाचे पापुद्रे पडले, आणि स्प्रिंग जिच्यावर टेकते ती लोखंडी बैठक ओल्या बिस्किटासारखी त्याच्या बोटांत आली. तिची फुटकी कडच टायरमध्ये घुसली होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या उघड्या, मळक्या शॉकअपांची अशी गत मी कधी पाहिली नव्हती. ते भिजायचे आणि वाऱ्यावर सुकायचे. आमच्या टोपड्यात मात्र शिवणीच्या भोकांतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला मामाने वाटच ठेवली नव्हती.

मामा बाहेर सरकला आणि तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याचा चेहरा बघून मला भीती वाटली.

"काल उतारावरून गाडी कोणी नेली?" त्याने विचारलं.

कारखान्यापासून बंदरापर्यंत सरळ उतार आहे आणि तळाशी समुद्र.

"मीच," आई म्हणाली. "ही शेजारी होती."

मामाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला त्याचा भयंकर राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. आम्ही दोघी रोज त्या चाकाशेजारून चढत होतो, उतरत होतो, आणि एकदाही आत डोकावलो नव्हतो.

मग तो उठला आणि पक्कड घेऊन उतारावरून चक्क पळत सुटला. आम्ही मागोमाग. बंदराच्या फाटकात तो हात पसरून उभा राहिला. माल भरून निघालेल्या गाड्या एकामागे एक थांबल्या, हॉर्न वाजू लागले. सगळ्यांत पुढे तोच कुकरवाला ट्रकवाला होता. मामा टोपडी काढायला सांगतोय यावर त्याचा विश्वासच बसेना.

"मामा, काढायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं," मामा म्हणाला. "माझी ताई मरता मरता वाचली. आता आत बघ."

मामा ट्रकखाली शिरला. तार तुटली आणि खालून तांबडं पाणी फाटकाच्या फरशीवर पसरत आमच्या चपलांपर्यंत आलं. एकेक हॉर्न बंद झाला. मागचे चालक उतरले आणि कोणी न सांगता आपापल्या गाडीखाली वाकून बघू लागले.

आई मात्र ट्रकपाशी गेली, त्या पाण्यातच खाली बसली आणि तिने आत हात पुढे केला.

"पक्कड दे इकडे," ती म्हणाली. "तुझे हात कापतायत."